कोपऱ्यातली रेघ

३ फेब्रुवारी

चि. टापटिप्या,

पत्र पोचलं. हाताने लिहिलंस ते बरं केलंस. टाइप केलेलं पत्र आलं की मला घर खाली करायची नोटीस आल्यासारखं वाटतं. आणि फोन करत जाऊ नकोस. एकतीस वर्षं बारा शिलाई मशिनींच्या खडखडाटात काढलेल्या ह्या कानांना फोनवर 'हॅलो' आणि 'ठेवतो' एवढंच कळतं, मधलं सगळं वाया जातं.

तर तुझं म्हणणं असं, की 'मावशीचे कागद' नावाची एक वेबसाइट काढायची, तिच्यावर माझे कपडे बेतायचे पॅटर्न ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने घरबसल्या उतरवून घ्यायचे. माझी हरकत नाही. खरं सांगायचं तर हे कोणाला तरी सात वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं. हॉस्पिटलने आमची शिवणखोली बंद केली, तयार कपडे मागवायला लागले आणि मला सांगितलं, मावशी, ह्या कागदांच्या नळ्या घेऊन जा, नाहीतर आम्ही टाकून देऊ. तेव्हापासून दोनशे अकरा पॅटर्न माझ्या कपाटामागे उभे आहेत. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाचा खांद्यावर उघडणारा शर्ट. कूस बदलता येत नाही अशा माणसाचा झगा. चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्याची मागून उंच पँट. तयार कपड्यांत ह्यातलं काही मिळत नाही. सगळे आजारी लोक एकाच आकाराचे असतात असं कारखानदारांना वाटतं.

सोबत चार नळ्यांत अडतीस कागद पाठवते आहे. घडी घालायची नाही, गुंडाळायचं. घडी पडली की रेघ मोडते आणि रेघ मोडली की बाही लंगडी पडते. कोणाकडून काही घ्यायचं नाही. आणि कागदावर जे आहे ते जसंच्या तसं ठेव, तुझी हुशारी तुझ्या छापखान्यात दाखव.

तुझी,
मावशी

२१ फेब्रुवारी

ती. मावशी,

वाकून नमस्कार, पाठ दुखते आहे तरी. तुझेच कागद मोठ्या मशीनवर एकेक करून आत घेताना धरली.

वेबसाइट सुरू झाली. अडतीसच्या अडतीस कागद वर आहेत आणि दिसतात असे की तू स्वतः ओळखणार नाहीस. दोन रविवार लावून मी ते स्वच्छ केले. चहाचे डाग, गंजलेल्या टाचण्यांची वर्तुळं, पेन चालतं का बघायला तू कोपऱ्यात ओढलेल्या रेघा, सगळं काढून टाकलं. आम्ही औषधाच्या बाटल्यांची लेबलं करतो, तिथे एक ठिपका जास्त राहिला तरी साहेब केबिनमध्ये बोलावतात. त्यामुळे ह्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

तू विचारलं होतंस, उतरवून घेतात म्हणजे काय करतात. बटण दाबलं की कागदाची प्रत त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर जाते. मग तो घरच्या प्रिंटरवर ती सोळा-वीस साध्या पानांवर छापतो, पानं कडेला कडा जुळवून चिकटवतो आणि तुझा पॅटर्न त्याच्या टेबलावर तयार. तुझा मूळ कागद कुठेही जात नाही. कोणी नेला ते कळत नाही, किती जणांनी नेला ते कळतं. आजपर्यंत एकशे त्रेचाळीस.

एका बाईंचा निरोपही आला आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीचा कणा वाकडा आहे, म्हणून तिला काखेपासून कमरेपर्यंत कडक पट्टा दिला आहे, दिवसाचे वीस तास. शाळेचा शर्ट त्यावरून जात नाही. असा पॅटर्न मावशींकडे आहे का, असं त्या विचारतात. मापं मागवून घेतली, मागच्या पानावर लिहिली आहेत. त्यांच्या गावात शाळा मेमध्येही भरते, चार मेला ती पुन्हा जायला लागणार आहे.

तुझा,
टापटिप्या

२ मार्च

चि. टापटिप्या,

एकशे त्रेचाळीस. मी तो आकडा तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंकडे गेले, त्यांनी पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवलं आणि मला वेबसाइट दाखवली. तोपर्यंत तो आकडा एकशे एकोणपन्नास झाला होता. शिवणखोलीत एका वेळी बाराजणी माझ्या कागदावरून कापायच्या आणि मला वाटायचं, केवढा हा पसारा.

एक मात्र खटकलं. कोण नेतं हे कळत नाही, ही कसली रीत? आमच्याकडे वही होती. कागद नेला की सही, परत आणला की सही. तुझ्या ह्या घरातून जो बाहेर पडला तो गेलाच. असो, काळाबरोबर चालायचं ठरवलं आहे मी.

मुलीच्या शर्टाचा असा पॅटर्न माझ्याकडे नव्हता, म्हणून नवा काढला. झग्यांचं काही नसतं, ते ढगळच असतात, दोन बोटं इकडे का तिकडे. हा शर्ट तसा नाही. ढगळ केला तर पोरगी गोणपाटात घातल्यासारखी दिसेल आणि वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांत येईल. म्हणून पट्ट्यावरून मोजून बरोबर तेवढाच घेर दिला आहे. मुंढा खाली उतरवला आहे म्हणजे पट्ट्याची कड काखेत टोचली तरी कापड अडणार नाही. बटणं पुढे नाहीत, बाजूला आहेत, तिची तिला लावता येतील. मोतीबिंदू काढल्यानंतरचा माझा हा पहिला कागद. दोन दिवस लागले, पूर्वी दोन तास लागायचे. पण बाईंना सांग, डोळे मिटून शिवा.

मावशी

३० मार्च

ती. मावशी,

नमस्कार. जरा अवघड पत्र आहे.

त्या बाईंनी तुझ्या कागदावरून तीन शर्ट शिवले. तिन्ही पट्ट्यावर घट्ट होतात. त्यांचं पत्र आहे तसं उतरवून देतो.

'पहिल्यांदा वाटलं माझी शिलाई चुकली. दुसऱ्यांदा कागद नव्याने छापून घेतला, तरी तेच. तिसऱ्यांदा कडेला माया जास्त सोडली तर घेर कसाबसा पुरला, पण मुंढा अडतो. मावशींचा कागद चुकीचा असेल असं मी म्हणत नाही, मीच माप नीट घेतलं नसणार. पण चार वेळा मोजून तेच येतं. मुलगी म्हणते ती जाड होत चालली आहे. परवापासून अर्धी पोळी टाकून उठते. शाळेत जाणार नाही म्हणते. आता मी तिला काय सांगू ते कळवा.'

मावशी, राग मानू नकोस, पण नवा कागद आहे म्हणून विचारतो. हिशेबात पट्ट्याची जाडी धरायची राहिली का? आधीच्या कागदांबद्दल कोणाची तक्रार नाही.

टापटिप्या

५ एप्रिल

चि. टापटिप्या,

पट्ट्याची जाडी धरली होती. ती मापं पट्ट्यावरूनच घेतलेली आहेत, तूच पाठवलीस. पॅटर्न बरोबर आहे. मी त्याच मापांवरून तो नव्या कागदावर पुन्हा मांडून पाहिला, टेप लावून पाहिली. बरोबर आहे.

मुलीला जेवायला सांग म्हणावं.

सध्या नव्या नळ्या पाठवत नाही. अडतीस पुष्कळ झाले.

मावशी

११ एप्रिल

ती. मावशी,

नमस्कार. तू अजिबात काळजी करू नकोस. शर्टाची फाइल मी बदलली आहे आणि बाईंना नव्याने छापून घ्यायला कळवलं आहे. बाकीच्या फाइलींमध्येही थोडी दुरुस्ती केली. आता सगळं ठीक आहे.

छापखान्यात कामाची गर्दी आहे, म्हणून आवरतं घेतो. नळ्या सवडीने पाठव.

टापटिप्या

१८ एप्रिल

चि. टापटिप्या यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फाइल बदललीस, बाकीचीही दुरुस्त केलीस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस. तू लहानपणापासून समजूतदार आहेस.

घराला रंग काढायचा आहे. कपाट हलवावं लागेल, मागे जागा लागेल. त्यामुळे उरलेल्या नळ्या गुरुवारी रद्दीवाल्याला देणार आहे. तुझ्याकडच्याही परत पाठवायची गरज नाही. वेबसाइटचं तुला योग्य वाटेल ते कर.

आईला विचारलं म्हणून सांग. तब्येतीला जप.

मावशी

२१ एप्रिल

मावशी,

हे पत्र मी जेवणाच्या सुट्टीत छापखान्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे आणि सरळ पोस्टात टाकायला जाणार आहे. अक्षर लावून घे.

तुझ्या घराला रंग गेल्या वर्षी लागला. डबे मी धरले होते. तेव्हा रंगाचं कारण मला सांगू नकोस. मी फाइल बदलली म्हणजे तुझी चूक गुपचूप सुधारली, असं तू समजलीस. नाही गं. तुझी चूक नव्हतीच. चूक माझी आहे, ती मला आठ तारखेला कळली आणि तेरा दिवस मी तुझ्यापासून लपवली.

तू 'बरोबर आहे' असं दोनदा लिहिलंस, तेव्हा मला राहवेना. मी वेबसाइटवरून शर्टाचा कागद स्वतः उतरवला, इथल्या प्रिंटरवर छापला, चिकटवला आणि तुझ्या मूळ कागदावर ठेवला. चहूबाजूंनी कमी पडला. प्रिंटरमध्ये एक सोय असते, पान कडेपर्यंत भरलेलं असलं की तो आपल्याला न विचारता ते थोडं लहान करून बसवतो. शंभराला चार. झग्यात ते कोणाला कळत नाही. तुझ्या मोजून काढलेल्या शर्टात बरोबर कळतं.

मग मी तुझा मूळ कागद नीट पाहिला. कोपऱ्यातली ती रेघ. मोजली, बरोबर दहा सेंटिमीटर. दुसऱ्या कागदावरची मोजली, दहा. तिसऱ्यावर दहा. आधीच्या अडतीसही मोजल्या. पेन चालतं का बघणारं माणूस एकोणचाळीस वेळा बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढत नाही. ती रेघ राहिली असती तर छापणाऱ्याने टेप लावली असती, साडेनऊच्या आसपास भरली असती आणि कात्री लावण्याआधीच त्याला कळलं असतं. मी ती घाण समजून पुसली. आमच्या छापखान्यातही कागदाच्या कडेला खुणा असतात आणि शेवटी त्या कापून टाकणं हेच माझं काम. तिथली सवय मी तुझ्या कागदावर चालवली.

नंतर जे केलं ते त्याहून वाईट. रेघा परत घातल्या, फाइली बदलल्या आणि कुठे एक अक्षर लिहिलं नाही. बाईंना फक्त 'नव्याने छापा' एवढं कळवलं, का ते सांगितलं नाही. त्यांचं उत्तर आलेलं नाही. चौथ्यांदा कापड कापायची त्यांची हिंमत नसेल. आणि आधी नेलेले जे दोनशे सहा कागद आहेत ते तसेच लोकांच्या घरात आहेत, बिनरेघेचे. माझी फाइल बदलल्याने त्यांच्या टेबलावरचा कागद बदलत नाही. जो बाहेर पडला तो गेलाच, असं तू मार्चमध्येच लिहिलं होतंस.

मला लाज वाटली, दुसरं कारण नाही. छापखान्यात माझ्या लेबलात आजवर चूक निघालेली नाही. तुझ्यासमोर ती निघाली हे मला सहन झालं नाही आणि म्हणून मी ती तुझ्या अंगावर राहू दिली. गुरुवारी रद्दीवाल्याला नळ्या देऊ नकोस. हे पत्र वेळेवर पोचेल की नाही ठाऊक नाही, म्हणून सुट्टी संपायच्या आत पोस्टात पळतो.

टापटिप्या

२४ एप्रिल

गाढवा,

तुझं पत्र आज, शुक्रवारी आलं. रद्दीवाला गुरुवारी येऊन गेला.

आधी तुला थोडं घाबरू देते, मग पुढचं सांगते. घाबरलास? आता ऐक.

नळ्या मी दाराशी काढून ठेवल्या होत्या, आत एकशे त्र्याहत्तर कागद. रद्दीवाला म्हणाला, ह्या गाडीवर राहणार नाहीत, घरंगळतील, घड्या घालून द्या. मी म्हटलं, पॅटर्नला घडी घालत नाहीत. तो म्हणाला, बाई, ही रद्दी आहे. मी म्हटलं, रद्दी असली तरी घडी घालायची नाही, गुंडाळून न्यायची असेल तर ने. मग त्याने एक नळी स्वतःच उलगडून मोडायला घेतली, आणि मी त्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि असं काही बोलले की दंतवैद्य बाई पेशंट सोडून वर आल्या. तो हात जोडून गेला. वर्तमानपत्रंही न्यायची विसरला.

दार लावून मी त्या नळ्यांमध्ये खाली बसले आणि मला स्वतःचंच हसू आलं. टाकून द्यायला निघाले होते आणि घडी घालू देत नव्हते. तेव्हाच मला कळलं की मला त्या टाकायच्या नव्हत्या. पण हेही खरं सांगते, तोवर मी मनातून मान्य केलं होतं की माझा हात गेला. पुन्हा मांडलेला कागद टेपने बरोबर भरत होता, तरी मला वाटलं की हिशेबातच माझं कुठेतरी चुकतं आहे आणि कुठे ते मला दिसतसुद्धा नाही. त्या मुलीची अर्धी पोळी माझ्या घशाखाली उतरत नव्हती. तुझं 'दुरुस्ती केली' वाचलं आणि मग काही उरलंच नाही. त्या तेरा दिवसांबद्दल मी तुला भेटल्यावर बोलणार आहे, कागदावर मावणार नाही.

आता रेघेबद्दल. आम्ही तिला साक्षी म्हणायचो. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो, कोरडेपणाने आखडतो, म्हणून कात्री उचलण्याआधी टेप साक्षीवर. दहा भरली तर काप, नाहीतर कागद बाजूला. नवी बाई कामाला आली की पहिले आठ दिवस तिला एवढंच शिकवायचे. ते इतकं अंगात मुरलं आहे की तुला सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तू रेघा पुसल्याचं फेब्रुवारीत सरळ लिहिलं होतंस. मी ते पत्र आज पुन्हा काढून वाचलं. स्पष्ट लिहिलं आहे. मी एकशे त्रेचाळीसवर अशी हुरळून गेले की त्याच्या मागचं काही डोक्यात शिरलंच नाही. तेव्हा थोडं माझ्याही पदरात घे. थोडंच, बाकीचं तुझं.

करायचं ते असं. आपण दोनशे सहा दारं ठोठावू शकत नाही, कुठली दारं तेच ठाऊक नाही. मग आपल्याच दारावर लिहायचं. वेबसाइट उघडली की पहिलं तेच दिसलं पाहिजे, ठळक अक्षरांत: अमुक तारखेआधी नेलेल्या कागदावर कोपऱ्यात रेघ नाही, त्यावरून कापू नका, नवा घ्या, रेघ मोजा, दहा भरली का ते आम्हाला कळवा. चूक कोणाची तेही लिही. गोलगोल लिहू नकोस, 'तांत्रिक कारणाने' वगैरे चालणार नाही.

आणि मुलीचा कागद तू तिथे छाप, मोठ्या कागदावर, एकसंध. तूच मोज, तूच गुंडाळ, नळीत घाल आणि पोस्टाने पाठव. आईच्या नावाने नको, मुलीच्या नावाने. सोबतची माझी चिठ्ठी आत टाक. चिठ्ठीत एवढंच आहे: 'कोपऱ्यातली रेघ तू मोजायची. दहा भरली नाही तर आईला कात्री देऊ नकोस.'

चार मेला फार दिवस नाहीत. पायरीवर बसून राहू नकोस.

मावशी

१२ मे

ती. मावशी,

नमस्कार. तुझं पत्र आलं त्याच दिवशी नळी पाठवली. सूचनाही त्याच संध्याकाळी लावली. पहिल्या मसुद्यात 'छपाईतील त्रुटीमुळे' असं लिहिलं होतं, मग तुझा चेहरा समोर आला आणि खोडून लिहिलं: 'ह्या रेघा मी घाण समजून पुसल्या. पॅटर्न काढणाऱ्या मावशींची काही चूक नाही. भाचा.' छापखान्यातल्या साहेबांनी ते वाचलं. मला वाटलं आता केबिनमध्ये बोलावतील. बोलावलं. म्हणाले, आपल्या लेबलांवरही अशी एक रेघ ठेवता येईल का बघ.

लोकांची पत्रं यायला लागली. आजपर्यंत अठ्ठ्याऐंशी जणांनी रेघ मोजून कळवली आहे. कोणाची नऊ पूर्णांक सहा भरली होती, कोणाची साडेनऊ, एकाची तर साडेदहा, त्याचा प्रिंटर काय करतो देव जाणे. एकाने लिहिलं की चाकाच्या खुर्चीतली पँट आवळते म्हणून तो वडिलांना वजन वाढलंय वजन वाढलंय म्हणत होता आणि त्यांचा दुपारचा चहा बंद केला होता. आता साखर घालून सुरू केला. जे आले नाहीत त्यांचं मला रोज वाईट वाटतं, सूचना वरच ठेवली आहे, ती काढणार नाही.

मुलीच्या आईंचं पत्र काल आलं. शर्ट पहिल्याच फटक्यात बसला. चार तारखेला ती शाळेत गेली. बाजूची बटणं तिची तिने लावली. आईंनी लिहिलं आहे की कागद मोजून होईपर्यंत तिने कात्री पाठीमागे धरून ठेवली होती आणि आधी शाळेची पट्टी खरी आहे का ते बघायला तीन पट्ट्या एकमेकींना लावून पाहिल्या.

खाली मुलीने स्वतः लिहिलं आहे. ते मूळच पाठवतो, उतरवून दिलं तर मी पुन्हा काहीतरी नीट करीन.

टापटिप्या

(सोबत एकेरी वहीचं पान, पेन्सिलीने)

मावशी, रेघ दहा भरली. मी तीनदा मोजली. आधीच्या कागदावर रेघ नव्हती म्हणून आईने दोन्ही कागदांवर त्याच दोन खुणांमधलं अंतर मोजलं, ते जुन्यावर कमी निघालं. म्हणजे मी जाड झाले नव्हते. कागद आखडला होता. आता मी पूर्ण पोळी खाते.

१७ मे

चि. टापटिप्या,

मुलीचं पान दंतवैद्य बाईंना वाचून दाखवायला गेले आणि वाचता आलं नाही, त्यांनीच वाचलं. मग त्यांनी डोळे पुसायला पेशंटचाच नॅपकिन ओढला. पेशंट बिचारा तसाच बसला होता.

उरलेल्या एकशे त्र्याहत्तर कागदांच्या नळ्या ह्या आठवड्यापासून निघतील. एकदम नाही पाठवत, पोस्टातला माणूस माझ्या नावाने आधीच कपाळावर हात मारतो. मुलीसाठी पुढच्या वर्षीच्या मापाचा कागदही काढायला घेतला आहे. ह्या खेपेला दीडच दिवस लागला.

आता नीट ऐक. शिवणखोलीत भिंतीवरच्या फळ्यावर मी एकतीस वर्षं 'मोजल्याशिवाय कापू नये' असं लिहीत आले. ते कापणाऱ्यांसाठी होतं. कपडा ज्याच्या अंगावर चढायचा त्याच्यासाठी तिथे काहीच नव्हतं आणि ते मला कधी सुचलंही नाही. तेव्हा मुलीच्या पानातलं ते वाक्य घे, तिच्याच अक्षरात, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात रेघेखाली ठेव: 'मी जाड झाले नव्हते. कागद आखडला होता.' तिची परवानगी मी वेगळ्या पत्राने मागितली आहे, ती देईल.

तिच्या पेन्सिलीचा शेवटच्या शब्दापाशी एक डाग पडला आहे. तो तसाच राहू दे. ह्या वेळी काहीही साफ करू नकोस.

तुझी,
मावशी